मिठाचा रस्ता, लोखंडाची गाडी

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमचे शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. बाहेरगावचे लोक ते भगवान मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ओळखतात. इथे बर्फ पडत नाही आणि समुद्र चारशे किलोमीटरहून अधिक लांब. थंडीत पहाटे हरभऱ्यावर दव पडते, फार तर पारावर शेकोटी पेटते. अशा गावच्या माणसाने बर्फाच्या रस्त्यांवरचे मीठ आणि मोटारीचा गंज या विषयावर बोलावे, हे थोडे चमत्कारिक वाटेल. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या भागातली मुले-मुली टोरांटो, शिकागो, डेट्रॉइट अशा ठिकाणी नोकरीला गेली. जानेवारीत फोन लावला की तिकडून उत्तर येते, "गाडी धुऊन आणायला निघालोय." एवढ्या कडाक्यात गाडी धुवायची कसली घाई, असा प्रश्न इकडच्या आईवडिलांना पडतो.

गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी मला विचारले, "सर, तिकडं रस्त्यावर मीठ टाकतेत म्हणं. खरं हाय का? आन् टाकतेत तर कशापायी?" मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत असे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा आजचा प्रश्नही त्याच इतिहासात आहे.

मिठाला आपल्याकडे केवढी किंमत होती, ते आधी आठवून पाहा. निजामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. किनाऱ्यावरचे मीठ घाट चढून दख्खनमध्ये येई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. शेकडो बैलांचे तांडे मीठ आणि धान्य लादून महिनोन्‌महिने चालत. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’ या शब्दावरून आला, असे मानले जाते. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि चोरटी ने-आण अडवण्यासाठी उत्तर हिंदुस्थानात काटेरी झाडांचे शेकडो मैल लांब कुंपण उभे केले. ती जकातरेषा १८७९ साली उठली, पण कर राहिला. १९३० साली गांधीजी दांडीला गेले, आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला सत्याग्रह झाला, तो याच मिठासाठी. ज्यांच्या आजोबांनी मीठ मोजून वापरले, त्यांना ते रस्त्यावर ओततात हे ऐकून धक्का बसणे साहजिक आहे.

आता कारण. जुन्या पद्धतीचे आइस्क्रीमचे लाकडी भांडे आपल्यापैकी अनेकांनी फिरवले असेल. आतल्या डब्यात दूध, बाहेर बर्फ आणि बर्फावर जाडे मीठ. मीठ पडले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. बर्फ शून्याखालीही वितळू लागतो, आणि वितळताना आतल्या दुधाची उष्णता शोषून घेतो. म्हणून दूध गोठते. रस्त्यावर याच गुणाचा दुसरा उपयोग होतो. मीठ आणि पाण्याचे योग्य प्रमाण असेल, तर ते खारे पाणी उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर साधे मीठ साधारण उणे ९-१० अंशांपर्यंत नीट काम करते. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड ही मिठाचीच भावंडे वापरतात.

मोटारी येण्यापूर्वी अमेरिकेत आणि कॅनडात बर्फ काढून टाकण्याची गरजच नसे. घोड्यांच्या घसरगाड्यांना बर्फच हवा असे. म्हणून मोठे लाकडी रोलर फिरवून रस्त्यावरचा बर्फ दाबून पक्का करत. मोटारी आल्या आणि गरज उलटी झाली. सुरुवातीला वाळू, राख, कोळशाची कणी टाकून चाकाला पकड मिळवून देत. १९३८ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग सुरू केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे ५ हजार टन मीठ रस्त्यांवर पडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या वाढल्या आणि १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे सुरू झाले. हिवाळ्यातही रस्ता उघडा, काळा दिसला पाहिजे, अशी लोकांची अपेक्षा झाली. आज तिथे वर्षाला साधारण २ कोटी टन मीठ रस्त्यांवर टाकले जाते.

यातले बरेच मीठ जमिनीखालच्या खाणींतून निघते. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली गॉडरिच येथे मिठाची प्रचंड खाण आहे. आणि मोटारींची राजधानी म्हणून गाजलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातही, साधारण साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. वर मोटारी बनवणारे कारखाने आणि खाली त्याच मोटारींना खाणारे मीठ!

या मिठाला नुसती नावे ठेवणे बरोबर होणार नाही. बर्फावरून घसरलेली बस, वेळेवर न पोहोचलेली रुग्णवाहिका, कठड्याला धडकलेली गाडी, असे असंख्य अपघात मिठामुळे टळतात. तिकडच्या सरकारांनी वेडेपणा केलेला नाही. त्यांनी माणसांचे प्राण वाचवण्यासाठी एक उपाय निवडला. त्या उपायाचा खर्च मात्र लोखंडाच्या खात्यावर गेला, आणि तो बराच काळ कोणी मोजलाच नाही.

लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी या दोन गोष्टी पुरतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसला की तिथे जणू असंख्य छोट्या बॅटऱ्या चालू होतात. एका ठिकाणचे लोखंड विरघळते आणि त्यातून सुटणारी वीज जवळच्या दुसऱ्या ठिकाणी प्राणवायूपर्यंत पोहोचते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून हे काम हळू चालते. पाण्यात मीठ उतरले की वीज सहज वाहते. शिवाय मिठातले क्लोराइड लोखंडावर धरलेला संरक्षक पापुद्रा भेदते. वर पुन्हा मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. म्हणजे साधी गाडी पावसानंतर दोन तासांत सुकते, ती मिठाने माखलेली असेल तर दिवसचे दिवस ओलसर राहते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर ओलावा धरण्यात मिठाच्याही पुढे.

गंजाने लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापली जाते. त्यामुळे रंगावर खड्याचा एक बारीक टवका उडाला, तरी गंज रंगाखालून सरकतो आणि रंगाला फुगा येतो. आपल्याला फुगा दिसतो तोवर आतला पत्रा बराच गेलेला असतो. आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. कडक थंडीत बाहेर उभी केलेली खारट गाडी सावकाश गंजते, पण तीच न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवली की बर्फ वितळतो, खारे पाणी सांध्यांत शिरते आणि उबेमुळे गंजाला वेग येतो.

इथे कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाची आठवण काढतो. सुमारे १६०० वर्षांचा, सहा टनांहून जड असा तो स्तंभ उघड्यावर उभा आहे आणि फारसा गंजलेला नाही. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट, पातळ थर तयार झाला, हे त्यांनी दाखवून दिले. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्याला मानवली. आपल्या लोहारांचे कौशल्य मोठेच होते. पण मोटारीच्या पत्र्याला तसे लोखंड चालत नाही. पत्रा दाबून, वाकवून हवा तो आकार घ्यावा लागतो आणि जास्त फॉस्फरस असलेले लोखंड ठिसूळ होते.

मोटारीची घडण कशी बदलली, तेही पाहायला हवे. आपली बैलगाडी मुख्यतः लाकडाची. लोखंड होते ते चाकाच्या धावेत आणि आखात. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे, की ती आवळून बसे. धाव गंजली तरी घासून घासून स्वच्छ राही. आखाला लावायचे तेल गाडीखाली टांगलेल्या वंगणाच्या नळ्यात असे. आपल्या भागात सरकारी मोटारबस आल्या त्या निजामाच्या रेल्वे खात्यामार्फत, १९३२ साली. सुरुवातीला २७ गाड्या होत्या. त्या काळच्या गाड्यांची रचना सोपी असे. खाली जाड पोलादी चासी, वर बहुधा लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा. पत्रा गंजला तर बदलता येई. गाडीचा कणा शाबूत राही.

पुढे सगळे शरीर पोलादाचे झाले आणि मग लहान मोटारींतून वेगळी चासीच गेली. गाडीचा तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांवरच्या कमानी हे पत्र्याचे भागच मिळून गाडीचा सांगाडा बनले. गाडी हलकी झाली, पेट्रोल वाचले. पण आता तळाचा पत्रा गंजणे म्हणजे हाड ठिसूळ होणे. शिवाय पोकळ पट्ट्यांत हात जात नाही, ब्रश जात नाही. त्यातून पाणी निघून जावे म्हणून बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की आत खारट पाण्याचे डबकेच तयार होते. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निरोप घेतलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ज्यांनी म्हातारपणी पाहिली आहे, त्यांना पायाखालच्या पत्र्याची दशा आठवत असेल. तिथे बर्फ नव्हता, पण समुद्राची खारी हवा होती.

१९६० आणि १९७० च्या दशकांत उत्तर अमेरिकेत हे संकट उघडे पडले. मिठाचे प्रमाण वाढत गेले होते आणि पत्रा पातळ होत गेला होता. तीन-चार वर्षांच्या गाड्यांना आरपार भोके पडू लागली. कॅनडात गंजलेल्या फोर्ड गाड्यांच्या मालकांनी संघटना काढली. ग्राहकांचे म्हणणे साधे होते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असणार हे कारखान्याला ठाऊक आहे, मग गाडी त्यासाठी का बनवली नाही? १९७८ साली कॅनडात गंजाबाबत एक आचारसंहिता आली. नव्या गाडीला किती काळ गंजाने भोक पडता कामा नये, याची अपेक्षा तीत मांडलेली होती. १९८० साली इंग्लंडमध्ये लान्सिया कंपनीला गंजलेल्या बीटा मोटारी ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. तोवर गंज हे मालकाचे नशीब समजले जाई. तिथून तो कारखान्याचाही दोष मानला जाऊ लागला.

गंजावरचे उपाय मात्र जुनेच होते आणि त्यांतले बरेच आपल्या घरात सापडतील. पहिला उपाय तेलाचा. पावसाळा संपला की विळ्याला, कुऱ्हाडीला, वखराच्या पासेला तेलाचा हात फिरवून ठेवणारी माणसे आपण पाहिली आहेत. तेल पाण्याला लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही, एवढाच त्यातला मंत्र. १९५९ साली डेट्रॉइटमध्ये कर्ट झीबार्ट नावाच्या जर्मन मेकॅनिकच्या पद्धतीवर एक धंदाच उभा राहिला. गाडीच्या पोकळ भागांत लांब नळीने संरक्षक लेप फवारायचा, अशी ती पद्धत. कॅनडात आजही अनेक जण दर वर्षी हिवाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला तेलाचा फवारा मारून घेतात.

दुसरा उपाय रंगाचा. जवसाचे तेल हवेत सुकून पापुद्रा धरते. आपल्या करडईच्या तेलातही तो गुण आहे. अशा तेलात शिशाचे लाल भस्म खलून लोखंडी पुलांना, जहाजांना पहिला हात देत. ते लाल भस्म म्हणजेच आपण मारुतीला लावतो तो अस्सल शेंदूर. शिसे विषारी असल्याने हे रंग आता मागे पडले आहेत, आणि तेच योग्य झाले. पण शंभर वर्षांहून अधिक काळ जगातल्या लोखंडाला शेंदराने सांभाळले, ही गोष्ट खरी आहे.

तिसरा उपाय एका धातूवर दुसरा धातू चढवण्याचा. कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथील लावायचा, म्हणजे ताक-आमटी कळकत नसे. लोखंडाला मात्र कथलापेक्षा जस्त अधिक उपयोगी. कथलाच्या मुलाम्याला ओरखडा गेला तर आतले लोखंड उलट जलद गंजते. जस्ताचे तसे नाही. ओरखडा गेला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची कल्पना फ्रान्समध्ये मालूअँ यांनी १७४२ साली मांडली आणि १८३७ साली सोरेल यांनी तिचे पेटंट घेतले. जस्त काढण्याची विद्या मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची. राजस्थानात झावर येथे जस्त गाळण्याच्या जुन्या मुशींचे ढीग आजही दिसतात. आपल्या घरावरचा पन्हळी पत्रा आणि विहिरीवरची बादली यांच्यावरची ती चंदेरी फुलांची नक्षी याच जस्ताची.

बादलीला मिळालेले हे जस्त मोटारीला मिळायला मात्र बराच उशीर लागला. १९७५ साली पोर्शे कंपनीने आपल्या ९११ गाडीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली. १९८६ च्या ऑडी ८० पासून सामान्य प्रवासी गाडीचे पूर्ण शरीर तसे होऊ लागले. त्याच सुमारास रंगकामही बदलले. १९६० च्या दशकात फोर्डमधील जॉर्ज ब्रूअर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत अख्खे शरीर रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात. त्यामुळे ब्रश न पोहोचणाऱ्या कोपऱ्यांतही रंग चिकटतो. आज पुण्याच्या परिसरात तयार होणाऱ्या गाड्यांनाही असाच पहिला हात दिला जातो. गाडीचे सुटे भाग खाऱ्या पाण्याच्या धुक्यात ठेवून तपासण्याची पद्धतही आता रुळली आहे.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. दारांना, मडगार्डला भोके पडणे खूपच कमी झाले. पण वरचा पत्रा टिकू लागला आणि लोकांचे तळाकडे लक्ष जाईनासे झाले. गाडीखालून ब्रेकच्या बारीक पोलादी नळ्या जातात. त्या मिठाने झिजून फुटल्या की ब्रेकचे तेल सांडते आणि ऐन वेळी पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. वरून रंग चकाकत असतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ या वर्षांतल्या मोठ्या गाड्यांबद्दल अशा तक्रारी आल्या. तिथल्या वाहन-सुरक्षा खात्याने चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती बंद केली, गाड्या परत बोलवायला न लावता. खात्याचे म्हणणे असे की, जुन्या गाड्यांचा हा गंज एकाच कंपनीपुरता नाही. मालकांना सल्ला दिला गेला: हिवाळ्यात गाडीचा तळ वरचेवर धुवा आणि जुन्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. उलट टोयोटाने आपल्या मालवाहू गाड्यांच्या गंजलेल्या चासीबद्दल २०१६ साली अमेरिकेत मोठी तडजोड मान्य केली. ती ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल, असा तेव्हाचा अंदाज होता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की माझ्या मते सगळा इतिहास स्पष्ट होतो. मीठ टाकण्याचा निर्णय सरकारचा, गाडी बनवण्याचे काम कारखान्याचे, आणि ब्रेकवर पाय मात्र आपला किंवा आपल्या मुलाचा. जबाबदारी पन्नास वर्षे या तिघांत फिरते आहे. कारखान्याने जस्त दिले, रंग दिला; त्याला ते द्यायला ग्राहकांनी भाग पाडले, हे चांगलेच झाले. तरी जी जागा दिसत नाही तिची राखण शेवटी गाडीवाल्यालाच करावी लागते. म्हणून जानेवारीत गाडी धुवायला निघालेला मुलगा किंवा मुलगी चोचले करत नसते. पारा शून्याच्या वर आला की तळाला पाण्याचा फवारा मारून घ्यायचा, चाकांच्या कमानी धुवायच्या, निचऱ्याची भोके मोकळी ठेवायची आणि हिवाळा संपताच एकदा सगळे स्वच्छ करायचे. परदेशी राहणाऱ्यांनी एवढे पाळले आणि वर्षातून एकदा गाडी वर उचलून ब्रेकच्या नळ्या दाखवून घेतल्या, तरी पुष्कळ झाले.

मीठ गाडीपाशी थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे. सिमेंटच्या आतल्या सळया आणि तारा तेही पोलादच. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवरचा पूल १९७० साली सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत त्यातल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. अवघी सोळा वर्षे! अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट तर अधिक बोचरी आहे. एप्रिल २०१४ मध्ये शहराला नदीचे पाणी देणे सुरू झाले. त्या पाण्यात क्लोराइड बरेच होते. रस्त्यांवरून वाहून आलेल्या मिठाचा त्यात वाटा होता आणि शुद्धीकरणात वापरलेल्या रसायनाचाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी नाकारले, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. त्याच पाण्याने घराघरांतल्या नळांमधले शिसे पाण्यात उतरत होते, कारण गंज रोखणारे औषध त्यात घातलेच नव्हते. लोकांना मात्र ते आणखी वर्षभर प्यावे लागले. इंजिनाची तक्रार ऐकली गेली, माणसांची उशिरा.

आता तिकडे मीठ कमी वापरण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर खारे पाणी फवारले तर सुके मीठ कमी लागते. काही ठिकाणी त्यात बीटच्या साखर कारखान्यांची मळी मिसळतात. चिकटपणामुळे मीठ रस्त्यावर टिकून राहते. वसमतच्या परिसरातल्या ऊस उत्पादकांना ही गोष्ट ऐकून गंमत वाटेल.

आणि आपले काय? आपल्या रस्त्यावर मीठ नाही, पण शेतात आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचे सख्खे भावंड. युरिया आणि इतर खतेही ओलावा ओढतात. खत आणलेली ट्रॉली झाडून, न धुता ठेवली, की पुढच्या हंगामात तळ चाळणीसारखा होतो. पेरणी यंत्राची खताची पेटी बियाण्याच्या पेटीआधी का सडते, याचे कारण हेच. काळी माती मडगार्डच्या आत चिकटली की आठवडाभर ओल धरते. कित्येक ठिकाणी बोअरचे पाणी मचूळ आहे. वऱ्हाडातल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याची तर ती जुनीच व्यथा आहे. त्या पाण्याने गाडी धुतली आणि पुसली नाही, तर क्षार मागे राहतात. तळाला जुने ऑइल फासतात, तेही शक्यतो टाळावे. ते रबरी भाग खराब करते आणि जमिनीत, विहिरीत उतरते.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे, यंत्रे आणि वाहने धुऊन त्यांची पूजा करतात. ही प्रथा गंजासाठीच सुरू झाली, असा माझा दावा नाही. पण वेळ अगदी नेमकी आहे. पावसाळा नुकताच संपलेला असतो, मातीची ओल अजून पत्र्याला चिकटलेली असते आणि पुढे कोरडे महिने येणार असतात. या दिवशी आपण गाडीचे नाक धुतो, हार घालतो, लिंबू ठेवतो. येत्या खंडेनवमीला हार घालण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहा. चाकांच्या कमानीतली माती काढा, खताची पेटी गोड्या पाण्याने धुऊन उन्हात सुकवा आणि मग तेलाचा हात फिरवा. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर ब्रेकच्या नळ्या मेकॅनिकला दाखवा. टोरांटोतल्या मुलाला त्या दिवशी फोन झालाच, तर त्यालाही हेच सांगा. त्याच्याकडे थोड्याच दिवसांत पहिला बर्फ पडायचा असेल.